धाकटीचा कागद

माझं ऑफिस कधी घरी आलंच नाही. त्यामुळे 'आता परत ऑफिसला या' असा हुकूमही माझ्या नावाने कधी निघाला नाही. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हासुद्धा मी गळ्यात पास अडकवून, तोंडाला दोन मास्क बांधून जळगावहून निघायचे आणि धुळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी पोचायचे. कधी साहेबांच्या जीपमधून, कधी दुधाच्या गाडीतून. माझं टेबल आवक-जावकचं. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येतो. मी त्यावर शिक्का मारते, नोंदवहीत नंबर टाकते, मग तो ज्याच्या त्याच्या टेबलाला जातो. हे काम घरून होत नाही, तुमच्याशिवाय चालायचं नाही, असं साहेब तेव्हा म्हणाले होते आणि मला ते मोठ्या मानाचं वाटलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा चार चांगले शब्द लिहायचे असं ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर मी तीन वर्षं तिच्यावर जळले. थोडंथोडकं नाही, अगदी पोटातून.

तिचं माहेर दोंडाईचा. पुण्याच्या एका विमा कंपनीत ती क्लेम तपासायचं काम करायची, आणि लॉकडाऊन लागल्यापासून लॅपटॉप घेऊन माहेरीच बसलेली होती. माझा दीर इथे जळगावात पाइपच्या कारखान्यात. बायको पुण्यात आणि नवरा जळगावात असलं लग्न कोण लावून देणार? पण बघण्याच्या कार्यक्रमात तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, स्वतःच तो विषय मिटवला. चहाचा कप खाली ठेवून अहिराणीत म्हणाले, "पोरनं आफिस तिनी बॅगमा शे. जठे बसाडशात तठे तिनं आफिस." माझ्या सासूबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी तिथेच होकार दिला. पगार आणणारी सून, आणि तीही दिवसभर घरात! मी त्या वेळी ट्रेमध्ये रिकामे कप गोळा करत होते. सकाळी साडेआठला घर सोडणारी आणि संध्याकाळी साडेसहाला परतणारी सून त्यांच्याकडे आधीपासून होतीच.

धाकटी आली आणि वरची खोली तिला मिळाली. त्या खोलीला नवा कूलर बसला, त्याला ताजा वाळा. उन्हाळ्यात मी एसटीतून उतरून घरी यायचे तेव्हा माझ्या साडीवर मिठाचे पांढरे डाग असायचे, आणि ती जिन्यावरून खाली यायची ती वाळ्याच्या वासाची. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातली ढगळ सलवार. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं म्हणे. दुपारी मीटिंग नसली की ती आडवी व्हायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण उशीवर तिचे केस असायचे, त्यावरून मी ओळखलं होतं. हो, मी बघायचे. इतक्या बारकाईने मी ऑफिसातली फाइलसुद्धा बघत नाही.

पण कूलर आणि उशी ही नुसती सुरुवात होती. खरं दुखणं माझ्या लेकीचं होतं.

धाकटी घरात आली तेव्हा माझी लेक दहा महिन्यांची होती. माझी रजा संपली होती आणि सासूबाईंचे गुडघे बोलत होते. आधी पाळणा धाकटीच्या खोलीत गेला, कारण तिथे गार असायचं. मग वाटी-चमचा गेला. मग खेळणी. लेकीने पहिलं पाऊल टाकलं ते धाकटीच्या मीटिंगमध्ये, लॅपटॉपच्या टेबलापासून पलंगापर्यंत. धाकटीने मला व्हिडिओ पाठवला. मी तो बसमध्ये पाहिला. शेजारच्या अनोळखी बाईला दाखवला, तिने कौतुक केलं, मीही हसले. खिडकीच्या काचेत मला माझा हसरा चेहरा दिसला आणि तो मला अजिबात आवडला नाही. घरी येऊन मी धाकटीशी दोन दिवस धड बोलले नाही. तिला वाटलं, माझं डोकं दुखत असेल. तिने मला बाम आणून दिला.

पुढे तर लेक भाकरी खायची तीसुद्धा काकूने कुस्करली तरच. मी दुधात कुस्करली की म्हणायची, "अशी नाही, काकूसारखी." भाकरी कुस्करायची ती कशी वेगळी कुस्करणार? तीन वर्षांची झाल्यावर ती मलाच दटावू लागली. एका सुट्टीच्या दिवशी मी वर काही मागायला गेले तर दारातच ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "श्श, काकू म्यूटवर आहे." तिच्या काकूच्या खोलीत मी परकी होते आणि दारावर पहारा माझ्याच पोरीचा.

सगळ्यात जास्त मला झोंबायचं ते संध्याकाळी. आमचं फाटक पत्र्याचं आहे, चांगलं उंच. गुरं आत शिरतात म्हणून नवऱ्याने तसं करून घेतलं होतं. मी थांब्यावरून कोपरा वळले की त्या हिरव्या फाटकावर दोन डोकी दिसायची. एक धाकटीचं, आणि तिच्या कडेवर बसलेल्या माझ्या लेकीचं. रोज. मी दमून, पाय ओढत यायचे आणि ही आपली माझ्या पोरीला कडेवर घेऊन उभी. मला वाटायचं, मुद्दाम उभी राहते. बघ, कोणाकडे आहे तुझी पोरगी. मी जवळ आले की लेक माझ्याकडे झेपावायची हे खरं, पण तिच्या एका मुठीत काकूची ओढणी घट्ट धरलेली असायची. मला ती मूठ तेवढी दिसायची.

तो मेल आला तो जानेवारीतल्या एका रविवारी. आम्ही गच्चीवर भरताची वांगी भाजत होतो. कपाशीच्या काड्यांचा धूर डोळ्यांत जात होता, दीर वांगी उलटत होता, सासूबाई खुर्चीवरून सूचना देत होत्या. धाकटीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि ती खाली बसली.

"मार्चपासून आठवड्यातले चार दिवस ऑफिसला यायचं," ती म्हणाली.

"पुण्याला?" दिराने विचारलं.

"मग काय दोंडाईचाला?" ती पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसली. मग तिने तो मेल आम्हाला मराठीत सांगितला. कंपनीला म्हणे आमच्या मनाच्या आरोग्याची काळजी वाटते. घरी एकटं बसून माणूस खचतो. चार माणसांत मिसळलं की बरं वाटतं. म्हणून सगळ्यांनी परत या. गच्चीवर आम्ही त्या वेळी सहा माणसं होतो आणि माझी लेक धाकटीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. दीर हसायला लागला, पण त्याला हसू पुरं करता आलं नाही.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहिते. पहिलं आलं, आता कळेल हिला. दुसरं आलं, माझी पोरगी आता मला परत मिळेल. या दुसऱ्या विचाराने मला इतका आनंद झाला, की मी खाली वाकून काड्या सारखत बसले. धुरामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी कळलं की कंपनी काही जणांना सूट देणार आहे. घरात कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर तसं लिहून द्यायचं, घरातल्या माणसाची सही घ्यायची, फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाठवायचं. दिराने आधी सासूबाईंचं नाव सुचवलं. सासूबाई एवढ्या भडकल्या! "मी काय लुळीपांगळी शे का?" म्हणाल्या आणि आम्हाला दाखवायला म्हणून दोनदा जिना चढून उतरल्या. त्या रात्री गुडघ्याला शेक द्यावा लागला, पण नाव काही त्यांनी देऊ दिलं नाही. मग राहिली माझी लेक.

धाकटी कागद घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी भाजी निवडत होते. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट घालून आणला होता.

"अक्का, एक सही पाहिजे होती."

मी हात पुसून कागद वाचला. मला वाचायची सवय आहे, मी कागदावरून नजर नुसती फिरवत नाही. त्यात लिहिलं होतं, की या मुलीचा दिवसभराचा सांभाळ प्रामुख्याने अर्जदार करते आणि अर्जदार घरात नसल्यास मुलीची पर्यायी सोय नाही. खाली ओळ होती. त्या ओळीखाली, मुलीची आई.

ज्यांनी कधी टेबलावर काम केलं नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे माणूस येऊन तासभर तोंडाने सांगतो, रडतो, शपथा घेतो. त्याने काही होत नाही. तेच तो चार ओळींत लिहून देतो, खाली सही करतो, मी शिक्का मारते, आणि मग ते झालं. लेक काकूकडे राहते हे अख्खी गल्ली बोलत होती. मी कधी ते मनावर घेतलं, कधी नाही. पण मीच सही करून लिहून द्यायचं, की माझ्या पोरीला मी सांभाळत नाही? तारीख टाकून? माझा हात पेनाकडे गेलाच नाही.

आणि नाही म्हणायची सोयही नव्हती. दीर दारात उभा होता. सासूबाई आतून कान देऊन होत्या. मग मला जे येतं ते मी केलं.

आमच्याकडे कागद अडवायचा असेल तर नकार कधी देत नाहीत. नकार दिला की माणूस वर अपिलात जातो. त्रुटी काढतात. त्रुटीवर अपील नसतं, माणूस गुपचूप दुरुस्ती करायला जातो, आणि तो परत येईपर्यंत दिवस जातात. बारा वर्षं मी हे दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं, उलट नावं ठेवली होती. पण हात बसलेला होता असं म्हणायला हवं.

"यात 'प्रामुख्याने' कशाला लिहिलंय?" मी म्हटलं. "'मदत करते' असं घे ना. उद्या कुणी विचारलं तर खोटं नको ठरायला."

तिने कंपनीला विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, शब्द बदलता येणार नाही. ती परत आली.

"बरं," मी म्हटलं, "पण जन्मदाखल्याची प्रत जोडायला हवी. नाहीतर तुझंच नुकसान होईल." ते कुणी मागितलंच नव्हतं. दाखला माझ्या माहेरी सोनगीरला, आईच्या पेटीत होता. रविवारी जाऊन आणते म्हणाले. रविवारी मला सर्दी झाली. पुढच्या रविवारी आणला.

मग मी म्हटलं, वडिलांचीही सही हवी. माझा नवरा बियाण्यांच्या कंपनीत, त्या आठवड्यात तो नंदुरबारकडे दौऱ्यावर होता. तो गुरुवारी येणार होता, शनिवारी आला.

"अक्का, कागद?" धाकटीने बुधवारी विचारलं होतं.

"बॅगेत आहे गं, विसरते की काय मी?" मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. कागद माझ्या बॅगेत होता, डब्याच्या शेजारी, आणि रोज माझ्याबरोबर एसटीने जाऊन येत होता.

शुक्रवार गेला. शनिवारी मी कपाळावर हात मारून म्हटलं, "अगं बाई, कालच होती का शेवटची तारीख?" हा चेहरा मी अभ्यागतांसाठी राखून ठेवलेला आहे. धाकटीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हो अक्का," म्हणाली, आणि पोळ्या लाटायला बसली.

ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली, दुपारी, लेक झोपलेली असताना. कळलं की रडेल, म्हणून कुणीच तिला आधी काही सांगितलं नव्हतं. मी ऑफिसला होते. त्या संध्याकाळी मी कोपरा वळले तेव्हा फाटकावर कोणी नव्हतं, आणि मला हलकं वाटलं. भराभर चालत आत गेले. लेक टीव्हीसमोर बसली होती. हातात बिस्किट, ते भिजून मऊ झालेलं.

"आई आली!" मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. टीव्हीवरून नजर काढली नाही.

दोन-चार दिवसांत विसरेल असं मी म्हणत राहिले. आठवडा झाला, महिना झाला. शाळेच्या व्हॅनमधून उतरली की ती थेट वर जायची, काकूच्या बंद खोलीच्या पायरीवर बसायची. सासूबाई खालून हाका मारून थकायच्या. "पोरगी दुपारनी जेवनी नही," हे मला रोज दारातच ऐकायला मिळायचं. वर, "बठ्ठं घर सुनं व्हई गयं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धाकटी गेली म्हणून तिची जागा रिकामी झाली, पण त्या जागेवर बसायला मी होते कुठे? सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा मी माझ्या टेबलावर होते, दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारत. इतकी साधी गोष्ट मला जळण्याच्या भरात तीन वर्षं दिसली नव्हती.

धाकटी रविवारी व्हिडिओवर दिसायची; सुरुवातीला एकदा शनिवारी येऊन रविवारी निघाली, पुढे तेही तिला जमेना. तिला तिथे खोलीचा अर्धा भाग मिळाला होता. ऑफिसला जायला दीड तास, यायला दीड. तिच्या गटातली माणसं इंदूरला, नागपूरला, एक तर चेन्नईला. "इथे माझ्या ओळीत माझं कोणीच नाही, अक्का," ती सांगायची. "मी एवढ्या लांब येऊन परत हेडफोनच लावते. शेजारचा म्हणतो, जरा हळू बोला." डब्याच्या भाजीत साखर असते म्हणून ती अर्धाच खायची. पित्त वाढलं. केस जायला लागले. एकदा ऑफिसच्या बाथरूममध्ये रडली, आणि बाहेर आली तर भिंतीवर कागद लावलेला, मन मोकळं करा, आमच्याशी बोला. हे तिने हसत सांगितलं.

ते ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तेही धड वाटलं नाही. फोन ठेवल्यावर सासूबाई पदर डोळ्यांना लावायच्या, "तठे एकली पोर काय खात व्हई?" आणि माझ्या पोटात पुन्हा पेटायचं. बारा वर्षं मी एसटीत उभी राहून जाते. बारा वर्षं माझी पोळीभाजी डब्यात गार होते. माझेही केस गेले, माझीही कंबर गेली. मला कधी कुणी विचारलं, तू काय खातेस? तिला महिनाभर जे सोसावं लागलं त्याचं नाव मनाचं आरोग्य, आणि माझ्या बारा वर्षांचं नाव नोकरी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आली. आखाजीला पोरी माहेरी जातात, तीही दोंडाईचाला जाणार होती, पण आधी दोन दिवस इकडे. शेजारच्या निंबाला झोका बांधला होता. धाकटी रिक्षातून उतरली तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, मान पुढे आलेली. तिने फाटकातच बॅग टाकली, खाली बसली आणि दोन्ही हात पसरले.

लेक माझ्या मागे लपली. माझी साडी दोन्ही मुठींत धरून तिने तोंड त्यात खुपसलं आणि काही केल्या बाहेर येईना.

म्हणजे मी जिंकले होते. तीन वर्षं मला हेच हवं होतं. धाकटीचे हात तसेच पसरलेले राहिले, मग तिने त्याच हातांनी बॅगेची चेन उघडायला घेतली, काहीतरी काढायचं असल्यासारखी. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. बसच्या खिडकीच्या काचेत, तो व्हिडिओ बघताना, मी तो पाहिलेला होता. मी लेकीला पुढे ढकललं. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी नव्हती. दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही, दोन कागदांवर एकच नंबर पडला. संध्याकाळी थांब्यावर उतरले, कोपरा वळले, आणि फाटकावर दोन डोकी.

खोटं कशाला सांगू, आधी जुनीच आग पेटली. एका दिवसात परत घेतली हिने. मग लेकीने मला पाहिलं आणि ती "आई!" म्हणून इतक्या जोरात ओरडली, की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली.

"घ्या बाई तुमची पोरगी," धाकटी धापा टाकत म्हणाली. "माझा हात तुटायला आला. आता मला हिला उचलवत नाही."

"मग कशाला उचलतेस?"

"मी कशाला उचलू? हीच ऐकत नाही. साडेपाच वाजले की सुरू. काकू उचल, आई दिसते का बघ. काकू उचल, आई आली का बघ. रोजचं आहे हिचं."

"रोजचं?"

"मग! तीन वर्षं हेच केलं मी. सहाची मीटिंग असायची माझी. कानात हेडफोन, कडेवर ही, आणि फाटकाशी उभी. तिकडचे विचारायचे, मागे गाड्यांचा आवाज कसला येतो?" ती हसली. "खरं सांगू अक्का? मला तुमचा राग यायचा. दिवसभर मी भरवायचं, मी झोपवायचं, आणि संध्याकाळ झाली की मी नुसती शिडी."

फाटकाचा पत्रा उन्हाने अजून तापलेला होता, त्याला हात लावून उभी राहिले. सासूबाईंच्याने पोरगी उचलवत नाही. म्हणजे मार्चपासून तिला आई येताना दिसलीच नव्हती. उचलणारी मी पुण्याला पाठवली होती.

आत आल्यावर मी बॅगेतून फोल्डर काढलं. अजून तिथेच होतं, कोपरे दुमडलेले, एका बाजूला लोणच्याचा डाग. "हा कागद," मी म्हटलं. "मी मुद्दामच..."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अक्का, मी क्लेम तपासते. एखाद्याला द्यायचं नसलं की काय काय मागतात ते मला नका सांगू. पहिली त्रुटी आली तेव्हा वाटलं, असेल. दुसरी आली तेव्हा समजले. तिसरी मी नुसती बघायला थांबले होते, तुम्ही काय मागता ते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्या कागदात जे लिहिलं होतं त्यावर मलासुद्धा सही करवली नसती. माझी पोरगी असती तर."

मी पेन काढलं आणि त्या ओळीखाली सही केली. तारीख टाकली, त्या दिवसाचीच, मागची नाही. धाकटीने कागद पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. मुदत संपली होती. पुढच्या वर्षी परत मागवतील, नाही मागवणार, कुणाला माहीत. तोवर तिला तिथे राहवेल का हेही तिला सांगता येत नव्हतं. "तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडे कागद हरवत नाही."

ती दोंडाईचाला गेली, तिथून परस्पर पुण्याला.

सोमवारी संध्याकाळी मी कोपरा वळले. फाटकावर कोणी नव्हतं. जवळ आले तर आतून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता, फरशीवर प्लॅस्टिक घासल्याचा. न्हाणीघरातलं स्टूल. मग पत्र्याच्या कडेवर आठ बोटं आली, मग कपाळ, मग डोळे. लेकीने मला पाहिलं. मग माझ्या मागे, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"काकू?"

"काकू पुण्याला गेली."

"का गेली?"

माणसाला दारातून परत पाठवायची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. बघू. उद्या ये. वर पाठवलंय. बारा वर्षांत एकही अडलं नव्हतं. पत्र्यावरची ती बोटं बघताना त्यातलं एकही माझ्या तोंडून निघेना.

"माझ्यामुळे गेली," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला.

"मग जा, घेऊन ये," ती म्हणाली. फाटकाची कडी आतल्या बाजूला होती, आणि ती काढायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.